एकुलत्या बदकाचा कलकलाट

बदकाच्या पिल्लाला नाही म्हणणे कठीण. मऊ पिवळी लव, अंगाच्या मानाने मोठे पाय आणि सतत पायांत घोटाळत मागे येण्याची सवय. जत्रेत किंवा पक्ष्यांच्या दुकानात मूल हट्ट धरते आणि एक पिल्लू खोक्यातून घरी येते. एकच, कारण ‘एकाचेच करता करता नाकी नऊ येतील, दोन कशाला?’ हा विचार घरात सगळ्यांनाच शहाणपणाचा वाटतो. दीड-दोन महिने बरे जातात. मग पिल्लाची चिवचिव संपते, मादी असेल तर तिला खणखणीत आवाज फुटतो आणि भल्या पहाटे अंगणातून किंवा गच्चीवरून सुरू झालेली ओरड शेजाऱ्यांच्या उशाशी जाऊन पोचते. इथून दोन तक्रारी सुरू होतात. शेजारी म्हणतात, हे फार ओरडते. घरची माणसे म्हणतात, हे आम्हाला क्षणभर सोडत नाही, दार लावले की थयथयाट करते. दोन्हींवर उपायही वेगवेगळे शोधले जातात. आवाजावर गोणपाट, अंधार आणि दटावणी, तर चिकटपणावर कधी लाड, कधी दुर्लक्ष. माझे म्हणणे असे, की या दोन तक्रारी मुळात एकच आहेत. थव्यात राहण्यासाठी घडलेला पक्षी एकटा ठेवला की तो थव्याला हाका मारतो, आणि थवा नसेल तर जो कोणी समोर आहे त्याला मारतो. म्हणून बदक पाळायचे तर किमान दोन पाळावीत, आणि दोन जमत नसतील तर एकही पाळू नये.

आधी आवाजाचेच पाहू. आपल्याकडे पाळली जाणारी खाकी कॅम्पबेल, पांढरी पेकिन, उभ्या चालीची इंडियन रनर आणि बहुतेक गावठी बदके ही मॅलार्ड या रानबदकाची वंशज आहेत. अपवाद फक्त मस्कोव्हीचा, तिचे मूळ अमेरिका खंडात आहे. मॅलार्डच्या वंशात ‘क्वॅक क्वॅक’ म्हणून आपण ज्याची नक्कल करतो तो मोठा आवाज मादीचा असतो. पक्ष्यांचा आवाज श्वासनलिकेच्या तळाशी तयार होतो, आणि नराच्या त्या जागी डाव्या बाजूला हाडाचा एक पोकळ फुगा असतो. नराचा आवाज घोगरा आणि बसका निघतो तो त्यामुळे. बंद खिडकीआड तो ऐकूही येत नाही. मादीच्या आवाजाचे मात्र प्रकार आहेत. चरताना, पोहताना, जोडीदार चोचीच्या अंतरावर असताना ती हलकेच, तुटक कुजबुजत असते. अंडे घालायच्या दिवसांत जागा शोधताना ती बराच वेळ एकसुरी ओरडते. आणि तिची एक खास उतरती हाक आहे. पहिला स्वर सगळ्यांत मोठा आणि लांब, मग दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, असे प्रत्येक स्वर आधीच्यापेक्षा आखूड आणि हलके होत जातात. जोडीदारापासून ताटातूट झालेली किंवा डोक्यावरून उडणारा थवा दिसलेली मादी ही हाक देते. ती दूरवर जावी म्हणूनच इतकी मोठी असते. बदकाच्या आवाजाला प्रतिध्वनी नसतो असे छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठातील ध्वनितज्ज्ञ ट्रेव्हर कॉक्स यांनी 2003 मध्ये एका बदकाला प्रयोगशाळेत नेऊन ही समजूत खोटी ठरवली. प्रतिध्वनी येतो, पण आवाज विरत विरत थांबत असल्यामुळे तो वेगळा ओळखू येत नाही. दोन इमारतींमधल्या बोळात बदक ठेवणाऱ्यांच्या शेजाऱ्यांना हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती!

एकटी मादी जास्त ओरडते, हे शास्त्रज्ञांच्या आधी शिकाऱ्यांना कळले होते. हॉलंडमध्ये रानबदके पकडण्यासाठी तळ्याला जोडून जाळीचे अरुंद होत जाणारे बोगदे बांधत आणि वरून जाणाऱ्या थव्यांना खाली उतरवण्यासाठी पाळीव बदकांचा आवाज वापरत. अशा कामातूनच ‘कॉल डक’ ही ठेंगणी, आखूड चोचीची जात पुढे आली. हिची मादी अंगाने लहान, पण आवाजाला भलतीच तीक्ष्ण असते. अमेरिकेत जिवंत बदके आमिष म्हणून पाण्यात बांधून शिकार करण्याची पद्धत इतकी माजली, की 1935 मध्ये तिच्यावर सरसकट बंदी घालावी लागली. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर झोपडीत दबा धरून बसणारे शिकारी अजूनही हाका मारणारी बदके पाळतात. या धंद्यातली जुनी युक्ती अशी, की मादीला तिच्या नरापासून दूर, पण त्याचा आवाज कानावर पडेल इतक्या अंतरावर बांधायचे. दोघे एकत्र असताना गप्प राहणारी मादी ताटातूट होताच हाकांवर हाका मारू लागते. शिकाऱ्याला पक्ष्याच्या मनाशी काही देणेघेणे नव्हते, त्याला आवाज हवा होता, आणि तो मिळवायची त्याची रीत म्हणजे बदकाला एकटे पाडणे. आपण हौसेने एकच बदक आणतो तेव्हा नकळत हेच करत असतो.

ही ओढ शिकवल्याने येत नाही, ती पिल्लू अंड्यात असल्यापासूनची आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात गिल्बर्ट गॉटलीब यांनी बदकांच्या अंड्यांवर अनेक वर्षे काम केले. बदकाचे अंडे साधारण 28 दिवसांनी फुटते, आणि त्याआधीच्या शेवटच्या दिवसांत पिल्लू आतून चिवचिवू लागते. यंत्रात, आईविना उबवलेले पिल्लूसुद्धा बाहेर आल्यावर कोंबडीची हाक सोडून बदकिणीच्या हाकेकडे जाते. ही ओळख उपजत असेल असे सगळे धरून चालले होते. गॉटलीब यांनी काही पिल्लांचा आवाज अंड्यातच काही काळापुरता बंद केला आणि त्यांच्यापर्यंत भावंडांचाही आवाज पोचू दिला नाही. ही पिल्ले बदकीण आणि कोंबडी यांच्या हाकांत गफलत करू लागली. म्हणजे आपल्या जातीची आई ओळखण्यासाठी पिल्लाला कवचाच्या आत असतानाच स्वतःचा किंवा शेजारच्या अंड्यातल्या भावंडाचा आवाज ऐकू यावा लागतो. बदकाचे सामाजिक आयुष्य जन्माआधी सुरू होते, ते असे. पुढची पायरी अधिक प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रियाचे कॉनराड लॉरेन्झ यांच्या मागे हंसांची पिल्ले रांगेने चालत असल्याची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. 1973 च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी. जन्मल्यावर जी हलती वस्तू प्रथम दिसते तिच्या मागे लागणे, तीच आपली आई समजणे, हा पिल्लांचा स्वभाव त्यांनी जगासमोर आणला. एकहार्ड हेस यांनी नंतर मॅलार्डच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवले, की हा ठसा जन्मानंतर 13 ते 16 तासांच्या सुमारास सर्वांत पक्का बसतो. तुमच्या मागे घरभर फिरणारे पिल्लू तुमच्यावर लट्टू झालेले नसते. त्याला थवा हवा होता, आणि तुम्ही तेवढे सापडलात.

लहानपणीचा ठसा मोठेपणी विरून जात असेल, असा प्रश्न इथे कोणी विचारील. त्याला उत्तर मोठ्या बदकांच्या झोपेत सापडते. अमेरिकेत इंडियाना राज्यातील संशोधकांनी 1999 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा, पण विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. मॅलार्ड बदके चार-चारच्या रांगेत ठेवली आणि झोपेत त्यांचे चित्रण केले, मेंदूतील विद्युतलहरींची नोंदही घेतली. मधली दोन बदके बहुतेक वेळ दोन्ही डोळे मिटून झोपत. टोकाची दोन मात्र पुष्कळदा एक डोळा उघडा ठेवत, आणि तो डोळा सोबत्यांच्या उलट दिशेला, मोकळ्या बाजूला रोखलेला असे. त्या वेळी मेंदूचा अर्धा भाग झोपेत आणि अर्धा जागा असे. टोकाच्या बदकांत या अर्धवट झोपेचे प्रमाण मधल्यांच्या अडीच पट होते. इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रयोग एकट्या बदकावर नव्हता, तेव्हा पुढचे अनुमान माझे आहे. रांगेच्या टोकाला असलेल्या बदकाची एक बाजू तरी सोबत्याने झाकलेली असते. एकट्या बदकाच्या दोन्ही बाजू उघड्या, आणि डोळे मिटायला भरवशाचा पहारेकरी कोणी नाही. मांजराची सावली, कौलावरून पळणारा उंदीर, रस्त्यावरच्या गाडीचा झोत, यांतल्या प्रत्येकाची दखल त्यालाच घ्यावी लागते. ‘रात्री दोन वाजता कारण नसताना ओरडते’ असे मालक सांगतात तेव्हा कारण बहुधा असते. ते आपल्याला दिसत नाही, एवढेच.

आता आक्षेपांकडे येऊ. सर्वांत मनापासून घेतला जाणारा आक्षेप असा: आमचे बदक आमच्यात रमले आहे, त्याला दुसऱ्या बदकाची गरजच नाही. रमले आहे हे खरे असू शकते, कारण ठसा माणसाचाच बसलेला आहे. पण ज्याच्यात ते रमले तो दिवसातले आठ-दहा तास कामावर, शाळेत किंवा बाजारात असतो आणि रात्री दार लावून आत झोपतो. बदकांचा थवा असे करत नाही. बदके जवळजवळ सगळे एकदम करतात. एक पाण्यात उतरले की बाकीची उतरतात, एकाने अंग घुसळून आंघोळ सुरू केली की सगळ्यांची आंघोळ, मग काठावर येऊन शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल चोचीने पिसांना लावत बसणे, मग मान पाठीत खुपसून डुलकी. केरळच्या कुट्टनाडमध्ये भाताची कापणी झाल्यावर खाचरांत हजारो बदके सोडतात, तेव्हा हातात काठी घेतलेली एक-दोन माणसे सगळा कळप हाकू शकतात, ते या एकत्र वागण्याच्या जोरावर. 2019 च्या पशुगणनेत देशात तीन कोटींहून अधिक बदके मोजली गेली, आणि बंगाल, आसाम असो की केरळ, पोटासाठी बदके पाळणारा माणूस ती एकेकटी कधी पाळत नाही. एकुलते बदक ही हौशी घरांतलीच गोष्ट आहे. माणूस त्याला दाणे घालील, मांडीवर घेईल, पण टपात त्याच्याबरोबर बुड्या मारणार नाही. शिवाय नराच्या बाबतीत एक अवघड गोष्ट आहे. लॉरेन्झ यांचे सहकारी फ्रीडरिख शुट्झ यांना आढळले, की परक्या जातीत वाढलेले मॅलार्ड नर मोठेपणी जोडीदारही त्याच जातीत शोधतात, मादीत हा दोष फारसा दिसत नाही. माणसांत वाढलेला एकटा नर वयात आल्यावर मालकाच्या पायाच्या मागे लागतो, पँट धरून ओढतो, चावतो. लोक त्याला ‘माजला’ म्हणतात. बिचारा प्रणयाराधन करत असतो.

यात एक गाठ आहे, आणि ती एकट्या बदकाच्या मालकाला सुटत नाही. बदक ओरडते, शेजाऱ्यांच्या धाकाने मालक धावत बाहेर येतो, त्याला उचलतो, दाणे टाकतो, गप्प करतो. बदकाने यातून एवढेच शिकायचे असते, की ओरडले की माणूस येतो. दुसऱ्या दिवशी ते जरा लवकर ओरडते. न जावे तर ते जत्रेत चुकलेल्या पोरासारखे हाका मारत राहते आणि शेजाऱ्याचा फोन येतो. वीस मिनिटे दम धरून एकविसाव्या मिनिटाला बाहेर जाणारा मालक तर त्याला चिकाटीच शिकवतो. कुत्र्याच्या बाबतीत दुर्लक्षाचा उपाय काही वेळा चालतो. इथे चालणे कठीण, कारण हाकेच्या मुळाशी खरी उणीव आहे, आणि दुर्लक्षाने उणीव भरत नाही. जवळ दुसरे बदक असेल तर गाठ सैल होते. दोघांची नजरानजर असते तेव्हा दूरवर पोचणाऱ्या हाकेचे कामच उरत नाही, कुजबुज पुरते. मग दाण्यांच्या लालचीने ओरडणे तेवढे उरते, आणि त्यावर ठरलेल्या वेळी, ओरड थांबलेली असताना खाणे घालण्याचा साधा उपाय लागू पडतो.

‘पण एकाचा त्रास होतोय, तिथे दोन आणू? आवाज दुप्पट नाही का होणार?’ हा आक्षेप सगळ्यांत व्यवहारी आहे आणि त्याला गुळमुळीत उत्तर देऊन चालणार नाही. दोन माद्या आणल्या तर ताटातुटीच्या हाका कमी होतील, पण घर शांत होणार नाही. पहाटे खुराडे उघडताना, खाण्याचे भांडे दिसताच, अंडे घालताना, आकाशात घार फिरताना त्या ओरडतील, आणि एकीने सुरुवात केली की दुसरी साथ देईल. तासन्‌तास चालणारी ओरड जाऊन ठरावीक वेळचा गलका येतो, एवढाच बदल होतो. मोकळ्या वाडीत तो पुरेसा आहे, चाळीच्या गॅलरीत नाही. आवाजाचीच मुख्य अडचण असेल तर खरा तोडगा म्हणजे दोन नर. मादी जवळ नसली तर दोन नर बहुधा गुण्यागोविंदाने राहतात, वसंतात थोडी ढकलाढकली होते, आणि त्यांचा घोगरा आवाज कुंपणापलीकडे क्वचित जातो. अंडी मिळणार नाहीत, हा तोटा मान्य. खाकी कॅम्पबेल मादी वर्षाला 300 च्या आसपास अंडी देऊ शकते, तेव्हा ज्याला अंडी हवीत त्याने आवाजही पत्करावा. एक नर आणि एक मादी ही जोडी मात्र, दिसायला गोंडस असली तरी, मादीला जाचक ठरते. व्यवसायात एका नरामागे पाच-सहा माद्या ठेवतात ते उगाच नव्हे. एकाच मादीवर सतत चढणारा नर तिच्या मानेची आणि पाठीची पिसे उपटून काढतो. दोन नर आणि एक मादी हा तर तिच्या जिवाशी खेळ. मस्कोव्ही जातीची मादी ओरडत नाही, हलकेच किणकिणते, आणि नर नुसता फुसफुसतो, म्हणून शांततेसाठी तिचे नाव सुचवले जाते. ती शांत आहे हे खरे, पण अंगाने मोठी, नखांनी तीक्ष्ण आणि उडू शकणारी आहे, आणि सोबत तिलाही लागतेच. अडचण अशी, की विकणारा एक दिवसाच्या पिल्लाचे लिंग क्वचितच खात्रीने सांगतो. दीड-दोन महिन्यांनी आवाजावरून ते कळते, आणि नंतर नराच्या शेपटीवर वर वळलेली पिसे येतात. घाई नसणाऱ्याने तेवढी वाट पाहून, आवाज ऐकूनच पक्षी निवडावा.

दुसऱ्या बदकाऐवजी काहीतरी चालेल का, याची चाचपणी लोक बरीच करतात. आरसा हा त्यातला आवडता उपाय. कोंबडीच्या एकट्या पिल्लासमोर आरसा ठेवला की त्याचे भेदरलेले चिवचिवणे कमी होते, हे प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा एक-दोन रात्रींची नड म्हणून आरसा ठेवायला हरकत नाही. पण आरशातले बदक हाकेला उत्तर देत नाही, आधी झोपून पहारा वाटून घेत नाही, आणि त्याच्या अंगाला ऊब नसते. कापडी खेळण्याचेही तेच. कोंबडीची सोबत याहून बरी. दोघे लहानपणापासून एकत्र वाढले तर एकमेकांना धरून राहतात. तरी अडचणी आहेत. बदक पाण्याचे भांडे पाहता पाहता चिखलात बदलते आणि ओल्या जागेत कोंबडी आजारी पडते. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात बदकाच्या पिल्लाला लागेल इतके नायसिन नसते, आणि ते कमी पडले की त्याचे पाय वाकडे होतात. नर बदक कोंबडीवर चढला तर तिला गंभीर इजा होऊ शकते, कारण कोंबड्याला नसलेले लिंग बदकाच्या नराला असते. कुत्र्याबरोबर लाडाने खेळणाऱ्या बदकांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात. त्या पाहून कोणी भरीस पडू नये. खेळात एकदा तोंड जोरात मिटले की खेळ संपतो.

काही वाचकांना हे सगळे फाजील हळवेपणाचे वाटेल. पक्ष्याला कसला आलाय एकटेपणा, हा माणसाचा शब्द आहे, असे ते म्हणतील. या शंकेला मी मान देतो. अमेरिकेत फार्म सँक्च्युअरी या संस्थेने 2006 मध्ये यकृतासाठी कोंबून खाऊ घातलेली काही बदके सोडवली. त्यांतले हार्पर आणि कोल हे दोघे पंगू पक्षी चार वर्षे एकमेकांना सोडून राहिले नाहीत. कोलला दयामरण दिल्यावर हार्पर त्याच्या मानेवर मान टेकून कितीतरी वेळ पडून राहिला आणि दोनेक महिन्यांत तोही गेला. बार्बरा किंग यांच्या प्राण्यांच्या शोकावरील पुस्तकामुळे ही हकीकत जगभर पोचली. ती वाचून डोळे ओलावतात, पण एका जोडीच्या हकीकतीवर सिद्धान्त उभा राहत नाही, आणि हार्पर दुखण्यानेच गेला नसेल असेही म्हणता येत नाही. म्हणून माझा भर शोकावर नाहीच. अंड्यातला आवाज, ताटातुटीची हाक आणि उघडा डोळा या तिन्ही गोष्टी मोजता येतात, आणि त्यांसाठी बदकाच्या मनात शिरावे लागत नाही. त्याला ‘वाईट वाटते’ की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी, सोबत नसताना त्याचे वागणे बिघडते आणि सोबत आल्यावर सुधारते, हे हिशेबाला पुरेसे आहे.

कायद्याची बाजूही इकडेच झुकते. जल्लीकट्टू आणि आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांची पाच स्वातंत्र्ये आपल्या कायद्याच्या चौकटीत वाचली. पुढे राज्यांनी कायदे बदलले आणि 2023 मध्ये शर्यतींना वाट मिळाली, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण पाच स्वातंत्र्यांची ती कल्पना रुजली. त्यांतले एक म्हणजे स्वाभाविक वागण्याचे स्वातंत्र्य, आणि ब्रिटनमध्ये ही यादी तयार झाली तेव्हा त्याच्या अटींत पुरेशा जागेबरोबर स्वजातीयांची सोबतही घातलेली होती. स्वित्झर्लंडने आणखी पुढे जाऊन 2008 पासून समाजप्रिय प्राण्यांना स्वजातीयांचा सहवास देणे बंधनकारक केले. आपला 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा पिंजऱ्याची लांबी-रुंदी-उंची पाहतो, एकटेपणाबद्दल काही बोलत नाही. आवाजाच्या बाबतीत शेजाऱ्याची बाजू कमकुवत समजू नये. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा आहे, आणि शांत झोपेचा हक्क कोणाच्या हौसेपेक्षा लहान नाही. फ्रान्समधील डाक्स येथील न्यायालयाने 2019 मध्ये पन्नासेक बदके-हंस पाळणाऱ्या एका ग्रामस्थाच्या बाजूने निकाल दिला. 2021 मध्ये तर खेड्यातले आवाज आणि वास हा गावाचा वारसा मानणारा कायदा तिथे झाला. हा दाखला गावाला लागू पडतो. ठाण्यातल्या किंवा पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीतून तो कोणी सोसायटीच्या सभेत वाचून दाखवू नये.

ज्यांच्या घरी आज एकच बदक आहे त्यांनी काय करावे? जागा असेल तर सोबती आणावा, पण थेट शेजारी सोडू नये. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला. बदकांत हा विषाणू काही वेळा कोणतेही लक्षण न दाखवता वावरतो. म्हणून नवा पक्षी माहितीतल्या ठिकाणाहून घ्यावा, तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा, मग मध्ये जाळी घालून आठवडाभर एकमेकांना पाहू-ऐकू द्यावे, आणि त्यानंतर मोकळ्या जागेत, दोन वेगळी खाण्याची भांडी ठेवून एकत्र सोडावे. माणसांत वाढलेले बदक सुरुवातीला नव्याला बुजेल किंवा टोचेल. रक्त येत नाही तोवर मध्ये पडू नये. पाळीव बदके आठ-दहा वर्षे सहज जगतात, तेव्हा दोघांपैकी एक आधी जाणार आणि प्रश्न पुन्हा उभा राहणार. जमेल त्याने तीन ठेवावीत. जागा नसेल तर बदक अशा वाडीत किंवा शेतावर द्यावे जिथे आधीच बदके आहेत. बागेतल्या तळ्यात ‘मोकळे’ सोडून देणे ही सुटका नव्हे. पेकिनसारखी जड पाळीव जात उडू शकत नाही, भटक्या कुत्र्यांपुढे तिचा टिकाव लागत नाही. आणि तळ्यावरून हळदी-कुंकू किंवा अडई पकडून घरच्या बदकाला जोडीदार करण्याचा विचार कोणी करत असेल तर तो गुन्हा आहे, कारण रानबदकांना वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे.

पिल्लू घ्यायला निघालेल्यांना एकच सांगणे. दुकानात हात पुढे करण्याआधी घरी विचारा, की दोन बदकांना पोहायला नाही तरी डोके बुडवता येईल एवढे पाणी, रात्री बंद करायला मुंगूस शिरणार नाही असे खुराडे, आणि पहाटेचा गलका चालवून घेणारे शेजारी आपल्याकडे आहेत का. यातल्या एकाचेही उत्तर नाही असेल, तर मुलाला सुट्टीत एखाद्या बदकपालकाच्या शेतावर घेऊन जा आणि पिल्लू दुकानातच राहू द्या.